चाळिसातला एक

"हा एक अपवाद कुणासाठी ठेवलायस?" मॅडमनी कॉलवर विचारलं.

माझा कोड दोघींच्याही पडद्यावर उघडा होता. मी गुपचूप घातलेली ती एक ओळ त्यांनी नेमकी हेरली होती.

आमची कंपनी पाळणाघरांसाठी अॅप चालवते. तिथली ताई दिवसभरात प्रत्येक मुलाचे चाळीसेक फोटो काढते. ते क्लाउडवर जाऊन पडतात. चारच्या ठोक्याला त्यातला एकच, मूल हसत असलेला, चेहऱ्यापुरता कापून आईबापांच्या फोनवर जातो. हसरा फोटो निवडणारा कोड लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. म्हणजे मी सांगत गेले आणि एडिटरमधल्या एआयनं लिहिलं. उरलेले फोटो मात्र साठत राहायचे. आता ते रोज रात्री आपोआप पुसले जावेत, असा नियम मला आज चारच्या आत डिप्लॉय करून चालू करायचा होता. त्यातून मी एक फोल्डर वगळलं होतं.

"चाचणीसाठी," मी म्हटलं.

"चाचणीला खरी पोरं?" मॅडम हसल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, उरलेले फोटो कोण उघडतं, याची यादी मी एआयकडून काढून घेतली. तीन महिने एकच खातं. तुझं. रोज."

माझे कान तापले.

"मुलगी तिथंच असते ना तुझी?"

"हो. तीन वर्षांची आहे."

"अगं, मग येतो की फोटो अॅपवर!"

"येतो."

"मग?"

मग काय सांगणार? अॅपवर ठकी रोज हसते. तिचा बाबा नोकरीसाठी दुसऱ्या गावी असतो; तो फोटो आला की लगेच फोन करतो. "बघ कशी खुदुखुदु हसतेय. आणि तू उगाच जीव टांगणीला लावून बसतेस."

उरलेल्या एकोणचाळीस फोटोंत ठकी पाठीवरची बॅग काढत नाही. जेवताना बॅग, गोल करून गाणी म्हणताना बॅग. घास हातात, नजर दाराकडे. रडत नसते. रडली असती तर ताईनं फोन तरी केला असता. मागच्या गुरुवारी ठोकळे रचताना बॅग बाजूला पडलेली दिसली, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीनंच टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचं कारण कुणाला सांगायची सोय नव्हती.

"ताईशी बोललीस का?" मॅडमनी विचारलं.

"ती म्हणते, रुळलीय छान."

"मग रुळली असेल. अगं, त्या फोटोंत दुसऱ्यांचीही पोरं असतात. त्यांच्या आईबापांनी आपल्याला ते बघायला दिलेले नाहीत. माझा लेक दहावीत आहे. मला तर त्याचा हसरासुद्धा मिळत नाही. काढ ती ओळ. मी वर काही बोलत नाही."

त्या बोलल्या त्यात खोट काढायला जागा नव्हती. कॉल संपल्यावर मी एआयला लिहिलं, अपवाद काढ आणि डिप्लॉय कर. त्यानं विचारलं, "पुसलेले फोटो परत मिळणार नाहीत. पुढे जाऊ?"

दिवसभर या घरात माझ्याशी बोलणारं तेवढंच. मी 'हो' लिहिलं. त्यानं आणखी एकदा विचारावं असं वाटलं. हिरवी खूण आली.

एरवी मी सहाला जाते. त्या दिवशी पावणेचारलाच पायांत चपला सरकवल्या.

पाळणाघराची बाजूची खिडकी अर्धी उघडी होती. आत बुटांच्या मांडणीपाशी ठकी उकिडवी बसली होती, पाठीवर बॅग. सगळ्या पोरांचे विखुरलेले बूट ती जोडीनं लावत होती. एक उचलायची, दुसरा शोधायची, शेजारी शेजारी ठेवून हातानं सरळ करायची. ना हसू, ना रडू. घरी मी अगदी असेच लावते. मी हाक मारली नाही. अजून थोडं बघू दे, असं झालं.

"ठके, इकडे बघ," आतून ताईचा आवाज आला. "हस बघू! आईला फोटो जायचाय ना?"

हसरा चेहरा सापडला नाही, तर अॅप ताईला 'आज फोटो मिळाला नाही' असं दाखवतं. ते वाक्य माझंच.

ठकीनं मान वर केली. किंचित तिरकी केली. सगळे दात दाखवून हसली. ताईनं फोन खाली घेतला, आणि ठकी पुन्हा बुटांकडे वळली, जसं काही झालंच नाही.

चारला माझा फोन थरथरला. ठकीचा चेहरा, तिरकी मान, सगळे दात. पाठोपाठ तिच्या बाबाचा मेसेज: "बघ! म्हटलं नव्हतं?"

मूळ फोटोत कडेला खिडकी आली असणार आणि खिडकीत मी. कापताना ती कड गेली. रात्री मूळ फोटोही जाईल.

मी बेल वाजवली. आत ठकीनं हातातला बूट त्याच्या जोडीदाराशेजारी ठेवला, सरळ केला आणि मग दाराकडे बघितलं.