बर्फाच्या खिडकीची खोली

मॉलमधल्या पेंग्विनांना वेळेवर मासे मिळाले. त्यांचा माणूस पावसाच्या पाण्यामुळे घरी जाऊच शकला नव्हता.

गुहागरजवळच्या एका घराच्या ओटीवर छायाच्या सासरच्यांनी तिची बॅग ठेवली, चहा घेतला आणि ते निघून गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. माहेरी आई नव्हती. शेजारची काकी होती.

दुबईच्या एका पुलाखाली पांढरी गाडी तरंगत होती. आत कोणी नव्हतं. वायपर चालू होते.

अबुधाबीत, अल रीम आयलंडवरच्या फ्लॅटमध्ये, समिधाच्या कपाटात, तिच्या मुलीला सांभाळणाऱ्या तानुबाईचा पासपोर्ट. "माझ्याकडे सेफ राहील, मावशी."

बाथटबच्या कडेवर अवनीचे लाल हातमोजे. कोरडे.

"मावशी, पुल! फास्टर!"

अवनी हॉटेलच्या टॉवेलवर बसली होती. पायांत स्कीचे बूट, डोळ्यांवर गॉगल. तानुबाईने टॉवेलचं टोक कमरेला गुंडाळलं आणि तिला गालिच्यावरून दारापासून खिडकीपर्यंत ओढत नेलं. आपली लेक छाया एवढीशी असताना ती तिलाही अशीच ओढायची, पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या रुंद देठावर बसवून. पण तिथलं अंगण उताराचं होतं.

खिडकीबाहेर बर्फ होता. खिडकी बाहेरच्या जगाकडे नव्हतीच. मॉलच्या पोटात बांधलेल्या बर्फाच्या डोंगराकडे होती, खोलीचं भाडं त्याचंच. दिवे लागलेले, वर नेणारे पाळणे थांबलेले, माणूस एक नाही. अबुधाबीहून सगळे दुबईला स्की हॉलिडेला आले त्याच संध्याकाळी आभाळ फाटलं. मॉलमध्ये पाणी शिरलं, कामाची माणसं पोचेनात, डोंगर बंद. बुधवारी परतायचं होतं. आज गुरुवार. दुपारी तानुबाईचं विमान होतं, अबुधाबीहून.

समिधा पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती. खराब हवेच्या दिवशी स्की हॉलिडेवर काय करावं, हे तिने शोधून ठेवलं होतं. "अवनी, आता हॉट चॉकलेट. मग पत्ते. मावशी, तुम्ही पण या ना, टेन्शन घेऊन काय होणार?"

"येते ताई."

वेदांग खालून आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली. "खलास. बेसमेंटमध्ये गाडीचा फक्त टप दिसतोय. टॅक्सीवाला मोईन म्हणतो, हबीबी, बोट मंगाओ."

"साहेब, रस्त्याने चालत गेलं तर?"

"अबुधाबीला? चालत?" तो हसला आणि तिचा चेहरा बघून थांबला. "मावशी, उद्याचं तिकीट बघतो मी. इन्शाल्ला उद्या नक्की."

"विमान रद्द झालं का?"

वेदांगने फोन पाहिला. बराच वेळ पाहिला. "नाही. ते वेळेवर आहे."

तानुबाईचा फोन वाजला. बोटिम ॲपवर छाया. तानुबाई बाथरूममध्ये गेली, दार लावून टबाच्या कडेवर बसली.

"आये, कळा येतायत. सकाळपासून."

"हलक्या की जोरात?"

"जोरात. सासूचा फोन आलेला. म्हणते, म्हायेरला धाडली खरी, पण म्हायेर हाय कुठं? आये, तू निघालीस ना?"

तानुबाईने समोरच्या आरशात पाहिलं.

"निघाले गो. वाटेतच हाय."

"मग मी थांबते. काकी म्हणते दवाखान्यात चल, मी म्हटलं, आये आल्याबिगर मी उंबरा ओलांडायची नाय."

फोन बंद झाला. ती बाहेर आली. अवनी दाराशीच उभी होती, गॉगल कपाळावर.

"मावशी, यू सेड यू आर ऑन द वे. बट यू आर हिअर."

"अवनी!" समिधा ओरडली. मग खाली उतरून जवळ आली. "काय झालं, मावशी?"

तानुबाईने सांगितलं. समिधाने तोंडावर हात ठेवला. "पण तुम्ही असं का सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं, ताई? टॉवेल ओढतेय म्हणून?"

वेदांगने उगाच पडदा सरकवला. तिकडे कोणीतरी बर्फ सपाट करायचं यंत्र चालू केलं होतं. रिकाम्या डोंगरावर ते आपलं वर गेलं, खाली आलं.

तानुबाई पुन्हा आत गेली. या वेळी दार लावलं नाही. फोन लागेना. लागला तर आवाज तुटे. लागला.

"छाये, ऐक. मी येत नाय."

"आं?"

"मी वाटेत नाय. खोटं बोलले. हितं पाणी भरलंय, विमान चुकलं. आज नाय, उद्याचं पण ठावं नाय."

मग छायाचा बारीक आवाज, "आये, असं नको ना बोलू."

"रडायचं नंतर. काकीचा हात धर. फणसाखालून जाऊ नको, तिथं शेवाळ असतं, मागल्या दारानं जा. नागेशला रिक्षा काढायला सांग. उठलीस?"

"तू ये ना."

"उठलीस का, सांग!"

"उठते."

"चप्पल घाल. फोन बंद नको करू, काकीकडे दे. मी हाय."

चपला फरफटल्या. कुत्रं भुंकलं. काकी कोणाला तरी शिव्या देत होती. रिक्षाने सुरू व्हायला दोनदा नाटकं केली, मग निघाली, आणि वळणावर रेंज गेली.

तानुबाईने फोन कानाला तसाच धरून ठेवला. अवनी हळूच आत आली आणि टबाच्या कडेवर तिच्याशेजारी बसली. तिचे बूट जमिनीला टेकत नव्हते.

संध्याकाळी मुलगी झाल्याचं कळलं. समिधाने केक मागवला. तानुबाईने तो खाल्ला, बशी धुऊन ठेवली.

तिचं तिकीट मुळात गेल्या रविवारचं होतं. एकदा बर्फ बघायचाय, असं म्हणून तिनेच ते गुरुवारवर न्यायला सांगितलं होतं.