आंबिलीतली कण्हेर

लातूर जिल्हा नवा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट असावी. की त्याच्याही पुढच्या? दुष्काळ दोन्ही वर्षी होता, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही. खात्रीनं सांगायची सवय मला कधीच नव्हती. अहमदपूरच्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. "मास्तर, हे पुस्तक चांगलं हाय का?" असं कुणी विचारलं, तर मी "काहींना आवडतं," एवढंच म्हणायचो. विचारणारा पुस्तक ठेवून वर्तमानपत्र उचलायचा.

माझे दाजी याच्या अगदी उलट. वीरण्णा आडते म्हणजे मोंढ्यातलं, धान्याच्या बाजारातलं, मोठं नाव. पाऊस कधी पडणार हे ते ठामपणे सांगत, आणि पडला नाही की तो का पडला नाही हेही तितक्याच ठामपणे सांगत. लोकांना दोन्ही वेळा पटायचं.

त्यांची बायको महादेवी ही माझी थोरली बहीण, माझी अक्का. तिला साखरेचा आजार होता. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि गोड बंद केलं. आजाराचं तिला फारसं काही वाटलं नाही, पण गव्हाच्या खिरीचं नाव काढलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्या वर्षी मोंढ्यात धान्यच येईना. दाजींचा हमाल केरबा रिकाम्या पोत्यांवर दिवसभर झोपून असायचा. असं रिकामं बसल्यावर दाजींना तरवड आठवला. तरवडाच्या पिवळ्या फुलांचा काढा साखरेवर देतात, हे आमच्याकडे जुनं आहे. आमची आईही द्यायची. त्यानं गुण किती येतो मला माहीत नाही, पण अपाय झाल्याचं कधी ऐकलं नव्हतं. शिवाय पाऊस नसला तरी तरवड माळावर फुलतो. दाजींनी फुलं आणवली, वाळवली, केरबाला उखळापाशी बसवलं, आणि धान्याच्या आडतीत औषधाच्या पुड्या सुरू झाल्या. पहिली पुडी अक्काला. गोळ्या बंद.

"दाजी, गोळ्या एकदम बंद करणं..." मी म्हणालो, "म्हणजे कदाचित, डॉक्टरांना विचारून..."

"मन्मथा, आता आपला जिल्हा लातूर. नांदेडच्या गोळ्या खाणं शोभतं का आपल्याला?"

आडतीत बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. शुगर जिल्हा बघून चढते-उतरते, हे वैद्यकशास्त्राला तोवर सापडलं नव्हतं. ते आमच्या मोंढ्यात सापडलं.

पुढे दुष्काळी कामावर रस्ता रुंद करायला घेतला आणि माळावरचा तरवड मुळासकट गेला. गिऱ्हाईक तर वाढलेलं. मग दाजींची नजर नव्या सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणाकडे गेली. तिथं पिवळी कण्हेर लावलेली होती. तिला पाणी लागत नाही आणि दुष्काळातली शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. या दुसऱ्या गोष्टीचा विचार शेळ्यांनी केला होता, आम्ही केला नाही.

मला हे कळलं ते अक्कामुळे. एकदा मी तिच्याकडे गेलो तर ती भिंतीला टेकून बसली होती.

"बरं वाटतंय का गं?"

"लई बरं. तुझे दाजी म्हणतेत, गुण आलाय. जेवण जाईना, सकाळी दोनदा ओकले. अन् दिव्याकडं बघितलं की भवती पिवळं कडं दिसून राहिलं."

"हा गुण आहे?"

आतून दाजींचा आवाज आला. "मग? साखर निघून राहिलीय. जेवण जाईना, म्हणजे खा-खा गेली. पिवळं दिसतंय, म्हणजे फुलाचा अंश डोळ्यापर्यंत पोचला!" ते बाहेर आले. "अन् पुरावा पाहिजे तुला? तिच्या मोरीपाशी आधी लघवीतल्या साखरेला मुंग्यांची रांग लागायची. आता एक मुंगी दाखव."

मुंगी खरंच नव्हती. मुंग्याच काय, झुरळही नव्हतं, कारण त्याच आठवड्यात मलेरियावाले घरोघर पावडर फवारून गेले होते. भिंतीवर अजून पांढरे ओघळ होते. मी त्यांच्याकडे बोट केलं.

"ते डासाचं औषध हाय," दाजी म्हणाले. "मुंगी डास असती का? पुस्तकं वाचतोस ना तू?"

मी अक्काचं मनगट हातात घेतलं. मला नाडी कळत नाही. पण एक ठोका पडल्यावर दुसऱ्याची इतकी वाट बघावी लागू नये, एवढं कळलं.

तिथून मी आडतीत गेलो. ओट्यावर वाळत घातलेली फुलं तरवडाची नव्हती. घंटेसारखी लांबट, पिवळी. तीच केरबा कुटत होता.

"केरबा, ही कण्हेर आहे ना?"

"हाव. लेकरं हिच्या बियांनी बिट्ट्या खेळतेत, तीच."

"अरे, विषारी असते ती!"

"बी विषारी. फूल न्हाई. अन् मालक रोज सकाळी इष्टलिंगाला वाहून मग वाळवतेत. महादेवाला चढलं की विष उतरतंय."

संध्याकाळी मी दाजींना गाठलं आणि म्हणालो, "महादेवानं हलाहल पचवलं, दाजी. आपल्याला परवाची भजी पचली नाहीत." माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत धाडसी वाक्य. दाजी खदखदून हसले आणि तेच वाक्य मोंढ्यात सगळ्यांना सांगत सुटले, मेहुण्याची श्रद्धा किती कच्ची आहे याचा नमुना म्हणून.

मग मी पुस्तकं काढली. एकात लिहिलं होतं की कण्हेर हृदयावर काम करते. कसं, ते नव्हतं. दुसऱ्यात मुळापासून फुलापर्यंत सगळं झाड घातक, असं होतं. तिसऱ्यातलं ते पान वाळवीनं खाल्लेलं. वाळवीला काही झालेलं दिसत नव्हतं. माझी खात्री होईना. अक्काला जाऊन म्हणालो, "अक्का, मला वाटतं, बहुतेक, तू हे घेऊ नयेस."

"बहुतेक?" ती म्हणाली. "ते नक्की म्हणतेत, तू बहुतेक म्हणतूस. अन् मन्मथा, ते म्हणलेत, वेळ अमावस्येला पोटभर खीर खा."

खिरीपुढे 'बहुतेक' टिकत नाही.

वेळ अमावस्येला आमच्या भागात गावं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, तिच्यात पूजा मांडायची, मग पालेभाज्या-शेंगांची मिसळ भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर आणि बिंदग्यातली, म्हणजे मोठ्या मडक्यातली, ताकाची आंबट आंबील. ज्याला त्याला बोलावून खाऊ घालायचं. त्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली होती, तरी कोपी उभ्या राहिल्या. दाजींनी नव्या जिल्ह्याचे एक साहेब बोलावले होते. पुण्याकडचे, तरुण, जे दिसेल त्याला "व्हेरी नाइस" म्हणणारे. करपलेल्या ज्वारीलाही म्हणाले.

पूजा झाली. दाजींनी खिशातून मोठी पुडी काढली आणि सगळ्यांदेखत आंबिलीच्या बिंदग्यात रिकामी केली.

"साहेब, हे आपल्या जिल्ह्याचं औषध. सगळ्यांनी घ्यावं. ज्याला शुगर हाय त्याची जाईल, ज्याला न्हाई त्याला येणार न्हाई."

"व्हेरी नाइस," साहेब म्हणाले.

"पहिला पेला महादेवीला. तिच्यावरच गुण आलाय." अक्का उठायला गेली आणि खांबाला धरून थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते. समोर खिरीचं ताट होतं आणि तिचं त्याच्याकडेसुद्धा लक्ष नव्हतं. अक्का आणि खिरीकडे लक्ष नाही!

"दाजी," मी म्हणालो, "मला वाटतं, कदाचित..."

"घ्या! कदाचित आले!" दाजी म्हणाले. सगळे हसले. साहेबही हसले, काय झालं ते न कळता.

तेव्हा मी एक साधा हिशेब केला. मी चुकत असेन तर आंबील वाया जाईल. दाजी चुकत असतील तर अक्का जाईल. एवढ्यासाठी खात्री कशाला हवी?

आमच्याकडे रीत अशी की जेवणाआधी आंबील घेऊन शेतभर शिंपडायची आणि मोठ्यानं ओरडायचं. शब्द कानडी वळणाचे आहेत, अर्थ कुणी विचारत नाही. दरवर्षी हे काम केरबा करायचा, तांब्याभर आंबील घेऊन. मी तांब्या शोधलाच नाही. अख्खं बिंदगं उचलून खांद्यावर घेतलं आणि जन्मात कधी काढला नाही असा आवाज काढला.

"ओलगे ओलगे, सालम पलगे!"

आणि पळत सुटलो.

"ए मन्मथा! आरं, थोडी शिंपडायची असती!" दाजी मागून ओरडले. पण साहेबांना ही रीत फार आवडली. "व्हेरी नाइस!" म्हणत तेही बूट घालून माझ्यामागे पळू लागले, "ओलगे ओलगे" करत. साहेब पळाले म्हणून गाव पळालं. गाव पळालं म्हणून दाजींना पळावं लागलं. नव्या जिल्ह्यात साहेब रीत पाळताहेत आणि वीरण्णा आडते उभे आहेत, हे कसं दिसलं असतं? आपलं औषध ढेकळांत जाताना बघत बिचारे मोठमोठ्यानं ओरडत होते, "सालम पलगे!" मी बांधाबांधानं ओतत गेलो. धोतर सुटलं, चष्मा पडला. शेवटी बिंदगं पालथं करून झटकलं तेव्हा थांबलो.

कोपीपाशी परत आलो तर दाजी लालबुंद. "काय केलंस हे?" मग अक्काकडे वळून म्हणाले, "असू दे. घरी पोतंभर हाय. उद्या घे."

अक्का माझ्याकडे बघत होती. "न्हाई घेत," ती म्हणाली.

"का?"

"मन्मथ ओरडला." तिला धाप लागली होती. "लहानपणी ह्याच्या पायावर बैल उभा राहिला, तवा बी ह्यो ओरडला न्हाई. बैलाला म्हणला, जरा सरकता का. आज ओरडला म्हणजे काहीतरी हाय."

तीन पुस्तकांपेक्षा तो बैल उपयोगी पडला.

तिला नांदेडला नेलं, साहेबांच्याच जीपमधून. डॉक्टरांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. "काय खाल्लं यांनी?"

"पिवळ्या कण्हेरीची फुलं," मी म्हणालो. मागेपुढे काही जोडलं नाही.

डॉक्टर दाजींना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. फूल काय, पान काय, हृदय थांबवायला सगळंच पुरे, हा त्यातला छापण्याजोगा भाग. अक्का वाचली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, खीर पुन्हा बंद. त्याबद्दल तिनं मला माफ केल्याचं मला आठवत नाही. पुड्या नेलेल्यांच्या दारोदार मी आणि केरबा फिरलो. निम्म्यांनी परत केल्या. बाकीचे म्हणाले, आम्हाला तर गुण आलाय.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दाजींच्या शेतात ज्वारी माणसाच्या उंचीची आली. साऱ्या तालुक्यातच आली, पण दाजींनी आपलीच बघितली. महिन्याभरात आडतीतली उरलेली कण्हेर नव्या पिशव्यांत भरली गेली, जमिनीचं औषध म्हणून. एकराला एक पिशवी, सोबत माझा दाखला तोंडी: आमचे मेहुणे शिकलेले, त्यांनी स्वतः पळत जाऊन शेतात ओतलं.

लोक अजूनही वाचनालयात येऊन विचारतात, मास्तर, खरंच ज्वारी वाढली का?

मी सांगतो, नाही. ते माझ्याकडे बघतात, जरा थांबतात, आणि वाट बघतात की मी पुढे "बहुतेक" म्हणेन.