साडूचे शेअर

रेणुकादासला जगात कुणाच्याही श्रीमंतीचं काही वाटत नसे. नांदेडचे कापूसवाले व्यापारी मोटारी उडवत त्याच्या कचेरीवरून जात, हा मान वर करून बघतही नसे. निजामसरकारकडे म्हणे हिऱ्यांचे ढीग होते, असोत बापडे. पण लातूरच्या वसंतरावानं नवी छत्री जरी घेतली, तरी ह्याच्या पोटात कळ उठायची. कारण वसंतराव त्याचा साडू होता. साडूच्या बाबतीत माणसाचं पोट वेगळंच दुखतं, आणि ज्याला साडू नाही त्याला ते समजावून सांगण्यात अर्थ नाही.

दोघांच्या बायका नायगावच्या बापूसाहेब वकिलांच्या लेकी. थोरली सौदामिनी लातूरला आडतीचं दुकान असलेल्या वसंतरावाला दिली, धाकटी इंदू नांदेडच्या तालुकदार कचेरीत कारकून असलेल्या रेणुकादासला. दोन्ही लग्नं बापूसाहेबांनी सारखाच खर्च करून लावली होती. तरी अहेराचा विषय निघाला की रेणुकादास अजून शंका काढायचा.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. त्या साली धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला आणि बापूसाहेबांनी दोन्ही जावयांना वाणाला बोलावलं. पाट सारखे, चांदीची ताटं सारखी, अनारसे मोजून सारखे. सासूबाई त्या बाबतीत फार सांभाळून. पण वसंतरावानं पहिल्या घासाबरोबरच सांगून टाकलं, की हैद्राबादच्या एका गिरणीचे शेअर घेऊन ठेवले होते, लढाईनं त्यांचा भाव दुप्पट झाला. आणि सांगितलं कसं, तर कुणी मीठ मागावं तसं, सहज. झालं. बापूसाहेब जेवायचे विसरले. शेअर म्हणजे नेमकं काय, ते कोण देतं, घरबसल्या पैसा कसा वाढतो, सगळं विचारून झालं. मग आठवण झाल्यासारखं ते रेणुकादासकडे वळून म्हणाले, तुमचं कचेरीत ठीक ना, आणि उत्तराला न थांबता परत वसंतरावाकडे वळले. सासूबाईंनी तुपाची वाटी वसंतरावाच्या पानावर जरा जास्त कलती केली, हे रेणुकादासनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. इंदूचं म्हणणं, तसं काही झालं नाही. पण इंदूला काय, तिला थोडाच साडू होता.

आता रेणुकादासकडे पैसे नव्हते असं नाही. होते, पण ते जागेचे होते. वजिराबादेत शेषेराव नावाच्या एका भल्या शेतकऱ्याची मोकळी जागा होती. तो म्हणाला होता, तुम्ही सवडीनं पैसे जमवा, मी दुसऱ्याला देत न्हाई. इंदूनं त्या जागेसाठी किती वर्षं हात आखडून संसार केला, ते तिचं तिलाच ठाऊक. त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांवर घरमालकीण धोंडाबाई राहायची, आणि इंदूनं उखळात चार दाणे कांडले तरी वरून विचारायची, बाई, भिंत पाडताय का. आपल्या दारात आपलं उखळ असावं आणि त्यात वाटेल तेव्हा वाटेल तेवढं कांडावं, एवढंच इंदूचं मागणं होतं. फार नव्हतं हो.

लातूरहून पंचाक्षरी नावाचा एक दलाल महिन्यातून एकदा नांदेडला यायचा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, तोंडात साखर. हैद्राबादच्या नि लातूरच्या गिरण्यांचे शेअर ह्याचे त्याला मिळवून द्यायचे, हा त्याचा धंदा. रेणुकादासनं त्याला गाठलं. शहाणा माणूस अशा वेळी विचारील, कुठली गिरणी नफ्यात आहे, मालक कसा आहे. रेणुकादासनं विचारलं, "आमचे लातूरचे वसंतराव सध्या काय घेताहेत?"

पंचाक्षरीनं त्याला एकदा नीट न्याहाळलं. मग म्हणाला, मांजरा तेल गिरणी. लातूरच्या गुरुपादप्पा शेटनं काढलेली लहानशी गिरणी, विलायतेहून नवं यंत्र येणार आहे, शेअर अजून स्वस्त आहे. यंत्राचं वगैरे रेणुकादासच्या कानात शिरलंच नाही. वसंतराव घेतोय ना, मग त्यात काहीतरी आतली गोष्ट असणार. त्यानं जागेच्या पैशातले थोडे काढून दिले.

पुढच्या महिन्यात भाव चढला. इथं दुसऱ्या कुणाचा जीव गार झाला असता. पण ह्यानं आधी विचारलं, वसंतरावांकडे किती आहेत. कळलं, की ह्याच्यापेक्षा जास्त, आणि त्यांनी परवाच आणखी घेतले. रेणुकादासच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण दहा कमवायचे तोवर तो वीस कमवून बसणार, मग कमवायचं कशाला? त्यानं आणखी शेअर घेतले. भाव आणखी चढला. पंचाक्षरी येई तेव्हा एकच बातमी आणी: वसंतरावांनी पुन्हा घेतले. बघता बघता जागेचे सगळेच्या सगळे पैसे मांजरा गिरणीत जाऊन बसले. वरून कचेरीत उर्दू कागदांच्या नकला करून मिळालेले चार पैसेही गेले.

माहूरची देवी रेणुकादासचं कुलदैवत. नाव तिचंच. दर वर्षी जायचा, त्याही वर्षी गेला. गाभाऱ्यात डोळे मिटून अगदी कळवळून मागणं मागितलं, की आई, त्या वसंतरावाच्या शेअरचा भाव एकदा दणकून पाड. तांबुलाचा प्रसाद चघळत पायऱ्या उतरत असताना त्याच्या ध्यानात आलं, की वसंतरावाचे आणि आपले शेअर एकाच गिरणीचे आहेत. तो तिथंच मटकन बसला. पुन्हा वर चढून मागणं बदलावं असंही वाटलं, पण पायऱ्या फार होत्या. आणि खरं सांगायचं तर, मागितलं त्यात चूक काय झाली, हेही त्याला पुरतं पटत नव्हतं.

त्याच सुमारास भाव इतका चढला होता, की शेअर विकले असते तर जागा येऊन वर दोन खोल्या उभ्या राहिल्या असत्या. इंदूला हिशेब कळत होता. ती म्हणाली, आता विका, शेषेराव दोनदा विचारून गेले. रेणुकादास म्हणाला, वसंतराव अजून विकत नाहीत. इंदू म्हणाली, न का विकेनात, त्यांना का भाड्याच्या घरात राहायचंय? ह्यावर त्यानं तिला बाजारातलं काही कळत नाही असं ऐकवलं. इंदू गप्प झाली. अशा वेळी बायको गप्प झाली की नवऱ्याला आपण जिंकलो असं वाटतं, हा एक मोठाच मूर्खपणा आहे.

मग एका महिन्यात पंचाक्षरी आलाच नाही. दुसऱ्या महिन्यात आला तो मान खाली घालून. भाव कोसळला होता, घेणारा कुणी उरला नव्हता. रेणुकादासनं घाईघाईनं विचारलं, वसंतरावांनी विकले का? पंचाक्षरी म्हणाला, त्यांचेही तसेच पडून आहेत. ह्यावर रेणुकादासला जरा धीर आला, बघा.

थोड्याच दिवसांत गिरणीची सालाची सभा लातूरला भरली. इंदूला कचेरीचं काम सांगून रेणुकादास मोटारीनं निघाला, रस्ताभर धूळ खात लातूरला पोचला. सभा कसली, गिरणीच्या आवारात पेंडीच्या पोत्यांशेजारी सतरंजी टाकलेली. दहाबारा माणसं बसली होती, बहुतेक गिरणीतलीच, आणि त्यांत अगदी पुढं, पांढराशुभ्र रुमाल बांधून, वसंतराव. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांचेही चेहरे चोरी सापडल्यासारखे झाले.

गुरुपादप्पा शेट सरळ माणूस. त्यानं उभं राहून आडपडदा न ठेवता सांगितलं, की नवं यंत्र लढाईपायी येऊ शकलं न्हाई, जुन्या घाण्यावर नफा न्हाई, वर्षभर गिरणी रडतखडत चालून राहिली. मग म्हणाला, "दहाचा शेअर लोक चाळीसला घेऊन राहिले, ते कशापायी, हे मला लई दिवस कळंना. मग चौकशी केली. गावातल्या लोकांनी सगळे हिस्से विकून टाकले. घेणारी माणसं दोनच हायत. दोघं बी इथंच बसलेत."

सगळ्या सतरंजीनं माना वळवून दोघा साडूंकडे पाहिलं. रेणुकादासनं कडेला बसलेल्या पंचाक्षरीकडे पाहिलं. पंचाक्षरी अगदी शांत होता. तो म्हणाला, साहेब, मी एक अक्षर खोटं बोललो नाही. तुम्ही विचारलंत वसंतराव काय घेतात, मी सांगितलं. त्यांनी विचारलं रेणुकादास काय घेतात, तेही सांगितलं. गिरणी कशी चाललीय हे दोघांपैकी कुणी कधी विचारलंच नाही.

सभा आटोपल्यावर दोघं बाहेर एका बाजेवर बसले. वसंतरावानंच आधी तोंड उघडलं. म्हणाला, तुम्ही कचेरीत, सरकारी बातमी तुम्हाला आधी कळणार, म्हणून तुम्ही घेतले की मी घ्यायचो. मग जरा घुटमळून म्हणाला, "बापूसाहेब आमच्याकडे आले की तुमचंच पुराण लावतात. सरकारी नोकरी, पेन्शन, धाकट्या जावयाची फिकीर नाही. मला ऐकवत नाही ते."

रेणुकादासला आपण काय ऐकतोय ते खरं वाटेना. हा, हा वसंतराव आपल्यावर जळत होता! इतक्या वर्षांत असा गारवा त्याच्या पोटाला मिळाला नव्हता. त्यानं स्वतःच्या पैशानं दोघांना चहा सांगितला. दोघं एकमेकांच्या गाढवपणावर हसलेसुद्धा.

तेवढ्यात गुरुपादप्पा एका सोलापूरच्या व्यापाऱ्याला घेऊन आला. व्यापारी गिरणी घ्यायला तयार होता, पण सगळी, अर्धीमुर्धी नको. शेटची सही झाली होती. आता दोन्ही साडूंच्या सह्या एकाच कागदावर पाहिजेत, आणि आजच, कारण उद्या तो बार्शीची दुसरी गिरणी बघायला निघणार होता. भाव पडेलच होता, चढत्या दिवसांतल्या भावाच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. पण पैसे रोख आणि इंग्रजी कलदार, निजामाचे हलके हाली नव्हेत. रेणुकादासनं मनात हिशेब केला. जागेपुरते बरोबर येत होते. शेषेराव अजून थांबला होता. म्हणजे काहीच गेलं नव्हतं. एक वाईट स्वप्न पडलं, जागे झालो, एवढंच.

वसंतरावानं टाक घेऊन झटकन सही केली आणि कागद इकडे सरकवला. मोकळ्या मनानं म्हणाला, "चला, सुटलो. तुमची जागा होऊन जाईल, माझ्या बंगल्याचा वरचा मजला होईल. बापूसाहेबांना म्हणणारच आहे, आता उन्हाळाभर वरच राहायला या."

रेणुकादासचा टाक कागदाला टेकला होता. त्याच्या डोळ्यांसमोर वसंतरावाच्या वरच्या मजल्याचा सज्जा आला. सज्ज्यात बापूसाहेब बसलेले, शेजारी सासूबाई, आणि खाली कुठंतरी वजिराबादेत चार खुंट्या ठोकलेली आपली उघडी जागा. ह्याच्यापेक्षा दुप्पट शेअर वसंतरावाकडे होते, म्हणजे दुप्पट पैसे वसंतरावाला. आणि ते मिळणार कुणाच्या सहीनं, तर ह्याच्या. म्हणजे साडूचा मजला ह्यानं स्वतःच्या हातानं चढवायचा.

त्यानं टाक खाली ठेवला. मला विचार करावा लागेल, म्हणाला. गुरुपादप्पानं समजावलं. वसंतरावाचा आधी विश्वास बसेना, मग तो चिडला, मग अक्षरशः हात जोडून उभा राहिला. रेणुकादासनं आयुष्यात वसंतरावाला हात जोडलेलं पाहिलं नव्हतं, आणि ते पाहिल्यावर तर त्याचा हात टाकाकडे जाईचना. सोलापूरचा व्यापारी घड्याळ बघून उठला, कागद घडी करून खिशात घातला आणि टांग्यात बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रेणुकादास नांदेडला पोचला, तेव्हा वसंतरावाची तार त्याच्या आधी पोचली होती. इंदूला सगळं कळलं होतं. ती उंबऱ्यात बसून होती. तिनं चिडचिड केली नाही, एवढंच विचारलं, की सही करायची राहिली की केली नाही.

"केली नाही," रेणुकादास म्हणाला. "त्याचा वरचा मजला झाला असता, इंदू."

"आणि आपलं घर?"

रेणुकादासनं सांगायला तोंड उघडलं. त्याच्या मनात मात्र वसंतराव हात जोडून उभा होता, आणि चेहरा पडलेला ठेवायला त्याला फार कष्ट पडत होते. इंदूनं ते त्याच्या तोंडावर वाचलं, आणि मग ती शेषेरावाला निरोप धाडायला स्वतःच उठून गेली, की जागा दुसऱ्याला द्या.