उभ्या गाडीची बॅटरी

"माझ्या हाताखाली बॅटरी कधी मेली नाही आणि मरणारही नाही," असं व्होल्टकाका भेटेल त्याला ऐकवायचे. समोरचा दूध आणायला निघालेला असला, तर दूध थांबायचं.

काका लिफ्टचे मेकॅनिक. नोकरीभर लोकांना वर-खाली केलं, आता बायकोला घेऊन आडवं जायचं, असं म्हणत निवृत्त झाल्याझाल्या त्यांनी एक जुनी मोटरहोम घेतली. आत दोन बिछाने, शेगडी, बेसिन आणि काकूंच्या सीटवर वाचायला छोटासा दिवा. पहिली फेरी समुद्रावर, हे काकूंनी ठरवलं होतं. पण निघायच्या आधीच त्या आजारी पडल्या आणि गाडी घराशेजारच्या शेडमध्ये गेली.

"तू बरी हो," काका म्हणाले. "किल्ली फिरवली की निघालो."

मग डॉक्टर काकूंकडे बघायला लागले आणि काका बॅटरीकडे. गाडी नुसती उभी राहिली तरी बॅटरी गुपचूप उतरत जाते, हे ते अशा सुरात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं घरातलंच कुणी सीरियस आहे. तसं होतंही. दर रविवारी मीटर लावायचे, पाण्याची पातळी बघायचे, टर्मिनल घासून वर व्हॅसलिन चोपडायचे. व्हॅसलिन काकूंचं. थंडीत बॅटरीवर शाल घातली, तीही काकूंचीच.

"पुढच्या जन्मी मला बॅटरी करा," काकू मुलीला म्हणायच्या. "दर रविवारी कुणी तब्येत तरी विचारेल."

कधी बरं वाटलं की त्या शेडमध्ये जाऊन आपल्या सीटवर बसायच्या. दिवा लावायला मात्र बंदी. बस की, पण बॅटरी उतरेल, असं काका सांगायचे. मग पुस्तक मांडीवर मिटून त्या अंधारात बसून राहायच्या आणि काका बाहेरून बॉनेट पुसायचे.

दुखणं लांबलं तशी काकांची भीतीही वाढली. त्यांनी शेडच्या छपरात पारदर्शक पत्रा बसवला आणि गाडीच्या टपावर लोखंडी पायांवर सोलर पॅनेल उभं केलं. गाडी चालू करायची बॅटरी वेगळी, आतल्या दिव्यांची वेगळी. एकीला मिळेल ते दुसरीलाही मिळावं म्हणून काकांनी दोन्ही एकत्र जोडून टाकल्या. त्या दिवशी मीटरवरचा आकडा बघायला त्यांनी मुलीला हातातलं काम टाकून यायला लावलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी औषधं कमी केली. मुलगी शेडमध्ये आली आणि म्हणाली, "बाबा, आईला समुद्र दाखवायचा असेल तर उद्या. बरी झाल्यावर, असं आता काही नाहीये."

काकांनी मीटर खिशात ठेवला. परत काढला. परत ठेवला.

सकाळी दोघांनी काकूंना उचलून सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. काकांनी किल्ली फिरवली. इतके महिने उभी असलेली गाडी एका फटक्यात चालू झाली. काकांनी शाबासकीसाठी बायकोकडे पाहिलं, तिने हसून मान हलवली आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.

वर असा आवाज झाला की शेजारचे बाहेर आले.

पॅनेलमुळे गाडी वीतभर उंच झाली होती. शेडच्या दाराचं शटर जिथे होतं तिथेच होतं. गाडीतली एकही गोष्ट काकांनी मोजायची सोडली नव्हती, फक्त उंची राहिली होती. पॅनेलचा चुरा झाला, शटरचं गुंडाळं टपावर येऊन बसलं आणि गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर अडकली. शटरवाल्याने फोनवर सांगितलं की मी येईपर्यंत पुढे-मागे काही करू नका, छप्पर डोक्यात येईल. येणार कधी, तर आठवडाभरात.

काकांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. समोर अंगणात मुलीने धुतलेल्या चादरी दोरीवर होत्या, वाऱ्याने फुगून काचेपर्यंत येत होत्या.

"अहो," काकू म्हणाल्या. "लाटा बघा."

काकांनी मान वर केली नाही. मुलीने खिडकीतून चहा दिला. तो निवला. बऱ्याच वेळाने काकूंनी सवयीने विचारलं, "दिवा लावू?"

काकांनी हात लांब करून स्वतः बटण दाबलं.

"बॅटरी उतरेल हं."

"उतरू दे."

संध्याकाळपर्यंत दोघं तिथेच बसली. मग काकूंना घरात नेलं. त्या परत बाहेर आल्या नाहीत. चार दिवसांनी गेल्या.

भेटायला येणाऱ्यांना अर्ध्या गाडीला वळसा घालून दारापर्यंत यावं लागत होतं. एका शेजाऱ्याने आधी गाडीचंच दुःख व्यक्त केलं. मग शटरवाला आला, त्याने शटर कापलं, आणि काका तडक उठले. तिला समुद्रावर पोचवायचं तर पोचवायचंच, असं मुलीला म्हणाले. काकूंच्या सीटवर उशी ठेवली, उशीला टेकून पुस्तक. मुलगी मागे बसली.

काकांनी किल्ली फिरवली. टक् असा आवाज झाला. पुन्हा फिरवली, तेव्हा तोही झाला नाही. काकूंच्या दिव्याचं बटण चालूच राहिलं होतं.