करगा आणि अर्धी गोळी

या बापहो, या मायबायांनो, अंमळ जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. आज पुराणातली कथा नाही, आपल्या चांदा जिल्ह्यातली आहे, कुरखेड्याच्या वाटेवरच्या एका धानाच्या गावची. तिच्यातला राक्षस इतका बारीक आहे की सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली धरावा लागतो. मूर्ख मात्र देवाच्या कृपेने चांगले धिप्पाड आहेत, नुसत्या डोळ्यांनी दिसतील.

त्या गावात सुगंधाबाई राहायची. धानाचं निंदण करावं, तण उपटावं, तर तिनेच. करगा म्हणजे रानधान. वावरात न पेरता उगवतो, दिसतो हुबेहूब धानासारखा, आणि कापणीच्या आधीच दाणे मातीत झाडून मोकळा होतो. इतर बाया दहा ताटं निरखून एक उपटत, सुगंधाबाई चालता चालता उपटे. अशी नजरेची बाई. पण घरात लेक तापाने कुडकुडत होती आणि तिथे नजर काय करणार! एकुलती एक कमळा, पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आली आणि आठ दिवसांत अंथरुणाला खिळली. दिवसाआड थंडी, दिवसाआड ताप. मागल्याच साली शेजारची बुधरी याच तापात पोटातल्या जिवासकट गेली होती. सुगंधाबाईने तिला शेवटचं न्हाऊ घातलं होतं. ते तिच्या हातांना अजून आठवत होतं.

आता म्हणाल, गावात ताप आला कुठून? सरकारदरबारी तर तो दोन वर्षांपूर्वीच मेला होता. त्याचं तेरावं घातलं होतं हिवतापाच्या इन्स्पेक्टरांनी, गुणवंतरावांनी.

गुणवंतराव नागपूरचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, तोंडात कायम सुपारी. सरकारने हिवतापावर नवी गोळी पाठवली, आणि सोबत हुकूम, की एकही डोकं सुटता कामा नये. डोकी निघाली आठशे, गोळ्या येत आठवड्याला चारशे. दुसरा कोणी असता तर वर लिहिलं असतं, गोळ्या कमी पडतात. पण वर लिहिणं म्हणजे वरच्यांना त्रास, आणि गुणवंतराव मोठे दयाळू. त्यांनी खिशातला अडकित्ता काढला आणि गोळ्या सुपारीसारख्या मधोमध कातरल्या. आठशे डोकी, आठशे तुकडे. हिशेब चोख.

वाटायच्या कशा? त्यालाही युक्ती काढली. दर शनिवारी मारुतीच्या देवळात रामाजीबुवांचं कीर्तन व्हायचं. बुवांचा गळा असा, की पाखरंही झोपायची राहत. आरती झाली की लाह्या, गूळ आणि वर अर्धी गोळी. प्रसादाला नाही कोण म्हणेल? तापलेल्याने घेतली, धडधाकटाने घेतली, एकादोघांनी तर भक्तीपोटी बैलालाही चारली.

पहिल्या वर्षी ताप गेला. गुणवंतरावांना हार पडले. दुसऱ्या वर्षी चार घरांत ताप दिसला. गुणवंतराव म्हणाले, सर्दी आहे. तिसऱ्या वर्षी निम्मं गाव कुडकुडू लागलं, तेव्हा ते म्हणाले, लोकांची भक्ती कमी पडते आहे.

कमळाला दवाखान्यात नेलं तेव्हा कंपाउंडर जलालुद्दीनने सांगितलं, "अर्धी नाई बाई, पुऱ्या गोळ्या देतो. तीन दिवस, माह्या डोळ्यासमोर गिळाच्या." कमळाने गिळल्या. चौथ्या दिवशी दात वाजवत पुन्हा थंडी आली.

सुगंधाबाई तडक दवाखान्यात गेली. टेबलामागे गुणवंतराव बसले होते.

"साहेब, जुनं कोयनेल द्या. कडू असन तं असू द्या. नव्या गोळीनं पोरीचा ताप हालून नाई राह्यला."

"कोयनेल? क्विनीन बंद आहे बाई. जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून सर्क्युलर नागपूर आणि मुंबई दोन्हीकडून येतात, आणि या एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. नवी गोळी लागू पडतेच."

"मंग माह्या पोरीले काऊन नाई पडली?"

"गिळली नसेल."

"जलालभाऊच्या समोर गिळली. इचारा त्याईले."

जलालुद्दीन बाटल्या पुसत होता. तो काही बोलायच्या आत गुणवंतराव म्हणाले, "त्याला काय विचारायचं! गोळी तीच, ताप तोच. ताप काय शाळेत जातो, गोळी ओळखायला शिकायला?"

सुगंधाबाई पदर खोचून खालीच बसली. "साहेब, तुमी कधी निंदण केलं?"

"मी?"

"नाई केलं, दिसूनच राह्यलं. आमच्या वावरात करगा लई होता. ओळखूच ये ना. मंग पाटलानं जांभळ्या पानाचं धान आनलं. आता सोपं झालं. हिरवं दिसलं का उपटा. पह्यल्या साली वावर कसं आरशावानी साफ! तुमच्यासारखेच हार घेतले पाटलानं. चार-पाच साल गेले, आन् करगाच जांभळा झाला."

"म्हणजे तो शिकला?"

"करगा काऊन शिकन जी? त्याले का डोकं आहे? हजार करग्यात एखादा आधीच जांभळा असन, धानाशी त्याची सोयरीक झाली असन. हिरवे आमी उपटले. जांभळा वाचला, त्यानंच दाने झाडले, त्याचे लेकरं त्याच्यावरच गेले. आमीच निवडून निवडून त्याले राजा केला. तुमची अर्धी गोळी बी तसंच करून राह्यली. मरतुकडे ताप मारते, आन् दांडगे वंश वाढवाले ठेवते."

गुणवंतराव पोट धरून हसले. "जलालुद्दीन, ऐकलं? तापाला लेकरं होतात म्हणे!"

"होतात साहेब," जलालुद्दीन हळूच म्हणाला. "रोज काचेखाली पाह्यतो ना मी. एका रक्ताच्या थेंबात इतकी पिलावळ, का मोजता नाई येत. बाई बराबर बोलते."

हसू थांबलं. सोमवारी नागपूरचे मोठे साहेब यायचे होते, गावाच्या वेशीवर 'हिवतापमुक्त गाव' असा बोर्ड लावायला. गुणवंतरावांनी रजिस्टर पुढे ओढलं. "हे बघ बाई. गोळी थुंकणाऱ्याला कोयनेल देता येतं, तसा नियम आहे. मी लिहितो, कमळाने गोळी थुंकली. तू अंगठा दे, बाटली घे."

म्हणजे खोटं तेवढं लिहायचं, आणि औषध मिळवायचं. पुढचा शनिवार, पुढचा तुकडा, पुढची बुधरी, सगळं तसंच चालू राहायचं. सुगंधाबाईला ते लख्ख दिसत होतं. पण त्याहून लख्ख दिसत होती कमळाची पांढरी पडलेली नखं. तिने शाईत अंगठा बुडवला.

"घ्या. दुसऱ्या हाताचा पायजे तं तोबी घ्या."

जलालुद्दीनने कोयनेल दिलं. पोटुशी बाई म्हणून तोलून-मापून, पेजेबरोबर, सात दिवस, दोन्ही वेळा स्वतः घरी जाऊन. तिसऱ्या दिवशी कमळाला घाम फुटला. पाचव्या दिवशी तिने आंबील मागितली, आणि सुगंधाबाई चुलीपुढे बसून एकटीच रडली.

सोमवारी मोठे साहेब आले. बोर्ड रंगवणाऱ्या जंगूला नेमकी त्याच दिवशी थंडी भरलेली, त्यामुळे 'हिवताप' सरळ आला आणि 'मुक्त' थरथरला. देवळासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी रजिस्टर चाळायला घेतलं आणि एका पानावर थबकले. अंगठ्याच्या खाली, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'गोळी माझ्या समोर गिळली. ताप उतरला नाही. हिच्यासह असे एकोणीस रोगी गावात आहेत. जलालुद्दीन, कंपाउंडर.'

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. सगळं गाव पुढे सरकलं. आता विचारतील, एकोणीस कोण? कुठे आहेत?

साहेबांनी विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

"माझं, हुजूर."

"छान आहे. सिरोंच्याला, जिल्ह्याच्या पार टोकाला, कंपाउंडरची जागा रिकामी आहे."

सुगंधाबाई गर्दीतून पुढे आली. "साहेब, अक्षराचं नोका इचारू, मजकुराचं इचारा. त्यो अंगठा माहा आहे, पन गोष्ट माही नाई. पोरीनं गोळी गिळली होती."

"मग खोटा अंगठा का दिला?"

"पोरगी मरून राह्यली होती जी. त्या दिवशी मारुतीले शेपूट नाई असं लिहून आनलं असतं, तं त्याच्याखालीबी देल्ला असता."

लोक हसले. साहेबही हसले, आणि मग बोर्ड ठोकून निघून गेले.

कार्तिकात कमळा सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. त्याआधीच जलालुद्दीन बायकोला, जैनबला, घेऊन बैलबंडीने सिरोंच्याच्या वाटेला लागला होता. जाण्याच्या सकाळी उरलेल्या अठरा तापकऱ्यांच्या घरी तो कोयनेल पोचवून आला. रजिस्टरात प्रत्येकापुढे एकच ओळ लिहिली, 'गोळी गिळली होती'. त्या अठरांतल्या सतरांनी पुढचं धान कापलं.

तर मायबाप हो, माझं एवढं ऐका. देवासमोर हात जोडाल, घरच्यांची नावं घेऊन होतील, तेव्हा शेवटी जलालुद्दीन कंपाउंडरचंही नाव घ्या. तुमचं दैवत कोणतं का असेना, त्याला ते चालेल.