आत्याचा अर्धा कप

भिंगरीची आत्या देशाच्या मुख्य बँकेत व्याजाचा दर ठरवणाऱ्या समितीवर होती. बैठकीआधीचा आठवडाभर तिने दराबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा तिथला कडक नियम. नेमके त्याच आठवड्यात बाबांचे कान सशासारखे टवकारलेले असायचे!

बाबांचा पलंग-कपाटांचा छोटा कारखाना. दर वाढला की लोक घरं घेत नाहीत. नवं घर नाही तर नवा पलंग नाही, आणि पलंग नाही तर पॉलिशवाल्या काकांना काम नाही. काकांना ठेवायचं की नाही, हेच बाबांचं ठरत नव्हतं.

“ताई, काय वाटतं, यंदा जरा चढेल का?” बाबांनी साळसूदपणे विचारलं.

“काय, ताप?”

“तसंच काहीतरी.”

“मग गोळी घे.”

दहावीतल्या भिंगरीला हसू आवरेना. तेवढ्यात चहा आला. “मला अर्धाच कप,” आत्या म्हणाली.

बाबांनी भिंगरीला ओढत स्वयंपाकघरात नेलं. “ऐकलंस? अर्धा! अर्ध्या टक्क्याने वाढणार!”

“बाबा, ती चहाबद्दल बोलली.”

“तुला नाही कळायचं.”

आणि बाबांनी खरंच काकांना दुसरीकडे काम बघायला सांगितलं. काकांनी हातातलं फडकं ठेवलं, अर्ध्याच चकाकलेल्या कपाटाकडे एकदा पाहिलं आणि निघाले. भिंगरीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

सोमवारी टीव्हीवर बातमी आली: दर आहे तोच!

“मग अर्धा का म्हणालीस?” बाबा आत्यावर उखडले.

“अरे, पित्त झालं होतं मला!”

“आणि पॉलिशवाले काका घरी बसलेत,” भिंगरीने सांगून टाकलं.

आत्याने कपाळावर हात मारला. “दर वाढवला तर कारखान्यांतली माणसं घरी बसतात. उतरवला तर लोक न झेपणारी कर्जं काढत सुटतात, आणि ती बुडाली की बँकाही गटांगळ्या खातात. यावर आम्ही घसा बसेपर्यंत भांडतो, आणि तू माझ्या कपावरून माणूस काढलास? म्हणूनच आमची तोंडं बंद ठेवतात!”

“यापुढे चहाही बंद ठेव,” भिंगरी म्हणाली आणि बाबांना काकांच्या दारात घेऊन गेली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. “येतो, मालक. पण पुढच्या वेळी ताईंचा चहा मी आणणार. काठोकाठ!”

“काठोकाठ?” बाबांचा चेहरा पडला. “म्हणजे एक टक्का?”

भिंगरीने काकांची पिशवी उचलली आणि बाबांनी आणखी काही ताडायच्या आत दोघांना कारखान्याकडे पिटाळलं.