रकान्यातला एक फूट

त्या वसाहतीत दोनशे बारा घरं होती आणि घरोघरी जाणारा गॅस वसाहतीच्या स्वतःच्या छोट्याशा कंपनीचा होता. कंपनी म्हणजे काय, तर एक मॅनेजर, एक कारकून आणि एक पिवळेदादा. दादांचं खरं नाव पगारपत्रकात काय ते उरलं होतं. कुणाला रस्ता खणायचा असला की जमिनीखालचा गॅसचा पाइप शोधायचा आणि त्याच्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत तो रंग त्यांच्या नखांत, चपलांत आणि बाह्यांत मुरला होता. "यांचे कपडे वेगळे धुवावे लागतात, नाहीतर सगळं घर पिवळं व्हायचं," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

नियमांच्या बाबतीत दादा म्हणजे नाकाने कांदे सोलणारे. दरवर्षी ते आसपासच्या खोदाईवाल्यांना जमवून तोच धडा ऐकवायचे. खणायच्या दोन दिवस आधी आम्हाला कळवा. आम्ही रेघ मारू. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांत मशीन घालायचं नाही, तिथे फावडं आणि आपले हात. कुणी जांभई दिली तर दादा त्यालाच उभं करून नियम म्हणून घ्यायचे.

आणि हाच माणूस चुकला. कोपऱ्यावर पाण्याचा पाइप गळत होता म्हणून रस्ता खणायचा होता. खोदाई मशीनच्या ड्रायव्हरने रीतसर दोन दिवस आधी कळवलं. दादा शोधयंत्र घेऊन गेले. गॅसचा पाइप प्लॅस्टिकचा, यंत्राला तो कळत नाही. कळते ती त्याच्यासोबत पुरलेली तांब्याची तार. त्या रस्त्यातली तार दोन वर्षांपूर्वी एका दुरुस्तीत तुटली होती आणि जोडू जोडू म्हणता राहूनच गेली होती. यंत्राने हूं की चूं केलं नाही. अशा वेळी दोन-तीन ठिकाणी हाताने खणून पाइप डोळ्यांनी बघायचा असतो. हेही दादाच शिकवायचे. पण ऊन चढलं होतं, कंबर धरली होती आणि हातात नकाशा होता. नकाशात पाइप भिंतीपासून अकरा फुटांवर सरळ गेलेला. दादांनी अकरा फुटांवर रेघ ओढली, चिठ्ठीवर तसं लिहून सही केली, ती ड्रायव्हरकडे दिली आणि घरी जेवायला गेले. रेघेचा फोटो काढायचा असतो, तोसुद्धा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनने पाइप फाडला. ड्रायव्हर इंजिन बंद करायला वाकला तेवढ्यात भडका उडाला आणि त्याचे दोन्ही हात मनगटांपर्यंत भाजले. दादा धावत आले, गॅसची चावी बंद केली आणि समोरच्या बागेतली नळी ओढून आणून ड्रायव्हरच्या हातांवर पाणी सोडत उभे राहिले.

"दादा, माझं चुकलं का हो?" ड्रायव्हर दात आवळून विचारत होता.

"आधी हात बघू दे," दादा म्हणाले. तेव्हा त्यांना खरोखरच दुसरं काही दिसत नव्हतं.

ड्रायव्हरला दवाखान्यात नेल्यावर दादा दुरुस्तीसाठी खड्ड्यात उतरले. पाइप त्यांच्या रेघेपासून चार फुटांवर होता. ड्रायव्हरने दोन फूट सोडून, वर आणखी दोन फूट सोडून मशीन घातलं होतं. दादांना एकदम आठवलं. नऊ वर्षांपूर्वी हा पाइप टाकताना इथे भलंमोठं झाड होतं. मुळं तोडायला अर्धा दिवस गेला असता, म्हणून दादांनीच पाइप झाडाला वळसा घालून नेला होता. नकाशात बदल करायला उद्या सांगू, असं म्हणाले होते. पुढे झाड वादळात पडलं, त्याचं खोड कुणी नेलं, रस्ता गुळगुळीत झाला. दादांचा उद्या काही उजाडला नाही.

खड्डा बुजवण्याआधी रेघेपासून अंतर मोजायचं आणि अहवालाच्या रकान्यात लिहायचं, असा नियम. दादांनी टेप लावली. चार फूट एक इंच. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. दोनशे बारा घरांच्या शेगड्या बंद होत्या, तो घायकुतीला आला होता.

"दादा, रेघेपासून किती होता पाइप?"

"एक फूट," दादा म्हणाले.

कसं तोंडातून निघालं कोण जाणे. सव्वीस वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस, दोन वर्षांवर निवृत्ती. त्या माणसाची जीभ त्याच्याआधीच बोलून गेली. दुपारी त्यांनी तेच रकान्यात लिहिलं. नंतर आगीच्या बंबवाल्यांनी रस्ता धुतला, त्यात रेघही धुऊन गेली. पाइप जोडून दादांनी स्वतःच्या हाताने खड्डा बुजवला. एक फूट याचा अर्थ सरळ होता. जिथे हाताने खणायचं तिथे ड्रायव्हरने मशीन घातलं.

मग खाई त्याला खवखवे. ड्रायव्हरचा परवाना चौकशी होईपर्यंत अडकला, कंत्राटदाराने मशीनवर दुसरा बसवला. चौकशीत दोष लागला की परवाना कायमचा जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादा ताटावरून अर्धवट उठायला लागले. बायकोने एकदा विचारलं, "तुम्ही मोजलं होतं ना नीट?"

"मोजलं होतं," ते म्हणाले. हे तर खरंच होतं आणि म्हणूनच त्यांना स्वतःची किळस आली.

न राहवून ते फळं घेऊन ड्रायव्हरच्या घरी गेले. एक खोली आणि स्वयंपाकघर. ड्रायव्हर दोन्ही हातांना पट्ट्या बांधून खाटेवर बसला होता आणि त्याची बायको त्याला चमच्याने भरवत होती. भरवताना तिचं तोंड चालूच होतं. "बारा वर्षं मशीन चालवतोस आणि दोन फूट कळत नाहीत! दोन पोरी आहेत आपल्याला, त्या तरी डोळ्यांपुढे आणायच्या होत्यास."

"मला वाटत होतं मी चांगलं लांब धरलंय," ड्रायव्हर दादांना म्हणाला. "पण तुमची रेघ कधी चुकायची नाही. माझीच नजर चुकली."

"बघा, कबूल तरी करतो," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून हात तरी वाचले, भाऊजी. तुमचे उपकार आहेत."

दादांनी फळं ठेवली आणि चहा न घेताच निघाले. जिन्यात त्यांना रडू आलं, ते त्यांनी खोकून घालवलं. सगळं सांगून टाकावं असं वाटत होतं आणि पाय घराकडेच चालले होते.

महिन्याभराने चौकशी कंपनीच्याच ऑफिसात झाली. तपासणी अधिकारी बाई, मॅनेजर, दादा आणि ड्रायव्हर, एवढीच माणसं. बाईंनी अहवाल वाचला, मग ड्रायव्हरला विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

"दादा एक फूट म्हणतात म्हणजे एक फूटच असणार," तो म्हणाला. "मला मान्य आहे. कुठे सही करायची? पेन धरता येत नाही अजून, अंगठा चालेल का?"

कारकुनाने शाईची पेटी आणली. ड्रायव्हरने पट्टीतून अंगठा मोकळा करायला घेतला. नवी कातडी गुलाबी आणि पातळ होती, तिला शाई लावायलाही त्याला भीती वाटत होती.

"थांब," दादा म्हणाले. "नको लावू अंगठा. एक फूट नव्हता. चार फूट होता."

मॅनेजर उभाच राहिला. "दादा, काय बोलताय काय!"

"रेघ माझी चुकली. तार तुटली होती, मी हाताने खणून बघितलं नाही. पाइप मीच वाकवून टाकला होता आणि मीच विसरलो. खड्ड्यात उतरल्यावर मला दिसलं, तरी मी खोटं लिहिलं."

"तुमच्या बोलण्यावर कसं लिहू?" बाई म्हणाल्या.

"चला, दाखवतो."

कोपऱ्यावर गेल्यावर दादांनी फावडं घेतलं. सगळ्यांच्या देखत, भर उन्हात, साठीला टेकलेल्या माणसाने एकट्याने, हळूहळू, हाताने खणलं. पाइप उघडा पडल्यावर बाईंनी भिंतीपासून टेप धरली. पंधरा फूट एक इंच. त्यांनी ड्रायव्हरकडची चिठ्ठी बघितली. अकरा फूट, खाली दादांची सही. "परवाना आज मोकळा होईल," बाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "आणि तुम्ही, दादा, उद्यापासून रेघ मारायची नाही." दादांनी मान हलवली.

त्यांना हलकं वाटायला हवं होतं. सांगून टाकलं की माणूस सुटतो म्हणतात. पण ड्रायव्हर खड्ड्याच्या काठावरून हलला नव्हता.

"तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

ड्रायव्हरने उघड्या पाइपाकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "चला माझ्याबरोबर. मी जाऊन सांगितलं तर तिला वाटेल, सुटण्यासाठी मी तुमच्या नावावर घालतोय. माझं आता घरात कुणी खरं धरत नाही."

मातीने भरलेल्या हातांनी दादा त्याच्या मागोमाग चालत गेले. दारात ड्रायव्हरच्या बायकोने त्यांना बघून "या भाऊजी" म्हटलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. दादांनी तांब्या घेतला नाही. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी सगळं सांगितलं, रेघ, झाड, रकाना. काही गाळलं नाही.

ती त्यांना शिव्या देईल अशी त्यांची तयारी होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने तांब्या खाली ठेवला, नवऱ्याजवळ जाऊन खाटेवर बसली आणि त्याचे पट्टीतले हात आपल्या मांडीवर घेतले.

"महिनाभर मी तुला काय काय बोलले रे," ती म्हणाली. "भरवताना बोलले. पोरींसमोर बोलले. आणि तू एकदाही उलटून बोलला नाहीस."

"मला खरंच वाटत होतं, चुकलं म्हणून," तो म्हणाला.

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. दाराबाहेर दादा उभे होते. त्यांना कुणी आत या म्हटलं नाही, आणि जा असंही नाही.